मार्सेय: फ्रान्सकडे पाठ, समुद्राकडे तोंड

शुक्रवार

मार्सेयला जातोय म्हटल्यावर पॅरिसमधल्या ओळखीपाळखीच्यांनी नाकं मुरडली. नीसला जा, आव्हीन्यों करा, मार्सेयात काय ठेवलंय? आणि गेलातच तर पाकीट सांभाळा. हे ऐकून ताईचा बेत आणखीच पक्का झाला. तिचा जन्म शाळेत इतिहास शिकवण्यात गेलेला. राजधानीतले लोक ज्या गावाला नावं ठेवतात तिथे बघण्यासारखं काहीतरी नक्की असतं, असा तिचा हिशेब. शिवाय, "अगं, आपल्या पुस्तकात मार्सेलिसचा धडा होता, ते बघितल्याशिवाय मी काही परत जायची नाही," हे वर.

पॅरिसहून वेगवान गाडी सव्वातीन तासांच्या आसपास पोचवते. साँ-शार्ल स्टेशन टेकाडावर आहे. बाहेर आलं की पायाखाली 104 पायऱ्यांचा रुंद दगडी जिना, समोर अख्खं शहर आणि पलीकडच्या टेकडीवर नोत्र-दाम द ला गार्दचा सोनेरी पुतळा. जिना 1920च्या दशकातला, साम्राज्याची मिजास अंगावर मिरवणारा. पायथ्याशी दोन दगडी बायका पहुडलेल्या आहेत, एक म्हणजे आशियातल्या वसाहती आणि दुसरी म्हणजे आफ्रिकेतल्या. वसाहती गेल्या, बायका अजून पडूनच आहेत. त्यांच्या सावलीत पोरं सिगारेटी फुंकत बसली होती. सामान घेऊन उतरणाऱ्या बहुतेकांची मूळ गावं याच दोन बायकांच्या मुलखातली असावीत, असं चेहऱ्यांवरून वाटलं. अल्जीरिया, ट्युनिशिया, कोमोरो बेटं, सेनेगल, त्यांच्याआधी आलेले इटालियन, कॉर्सिकन आणि आर्मेनियन. पावणेनऊ लाखांच्या आसपास वस्तीचं हे फ्रान्समधलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर. पण इथल्या माणसाला विचारलं तर तो आधी मार्सेयचा असतो, फ्रेंच मग सवडीने.

संध्याकाळी व्ह्यू-पोर, म्हणजे जुनं बंदर. तीन बाजूंनी शहर आणि चौथ्या बाजूला दोन किल्ल्यांमधली अरुंद वाट. आता आत फक्त होड्या आणि श्रीमंतांच्या नौका. धक्क्यावर नॉर्मन फॉस्टरने 2013 साली उभारलेलं आरशाचं छत आहे. पातळ खांबांवर चकचकीत पोलादी पत्रा, बस्स. खाली उभं राहून वर बघितलं की आपण उलटे लटकलेले दिसतो. लहान मुलं जमिनीवर आडवी होऊन हातपाय हलवत होती, थोरांचीही इच्छा लपत नव्हती.

जवळच जमिनीत एक पितळी पाटी बसवलेली आहे. ख्रिस्तपूर्व 600च्या सुमारास आशिया मायनरमधल्या फोकाया गावचे ग्रीक दर्यावर्दी इथे उतरले, असा मजकूर. ते फोकाया म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं फोचा. दंतकथा अशी की त्या दिवशी इथल्या लिग्युरियन सरदाराच्या मुलीचं, जिप्तिसचं, स्वयंवर होतं. मेजवानीत तिने ज्याच्या हाती पेला द्यायचा तो नवरा. तिने पेला दिला तो नुकत्याच उतरलेल्या परक्या प्रोतिसला. सव्वीसशे वर्षांच्या शहराच्या जन्मकथेतच जावई बाहेरचा. पुढे शहराच्या वाट्याला जे काही आलं, ते या कथेच्या अंगानेच आलं.

शनिवार

सकाळी धक्क्यावर मासळीबाजार भरतो. बाजार म्हणजे जेमतेम आठ-दहा टेबलं. पण मासे तेवढ्यातच होडीतून आलेले, नवरा जाळं सोडवतोय आणि बायको विकतेय. काटेरी, लालभडक, रागीट चेहऱ्याचा रास्कास, मोठ्या डोक्याचा ग्रोंदँ, वामेच्या जातीचा लांबलचक काँग्र. एका बाईच्या ट्रेमधून एक ऑक्टोपस एकेक पाय बाहेर टाकत टेबलाच्या कडेपर्यंत आला. बाई गिऱ्हाइकाशी भावावरून हुज्जत घालत होती. मान न वळवता तिने डाव्या हाताने त्याला धरलं, परत ट्रेमध्ये आपटलं आणि हुज्जत तशीच पुढे चालू. भाऊच्या धक्क्यावर हिने उद्यापासून दुकान मांडलं तरी कुणाला वेगळं वाटायचं नाही.

हे काटेरी मासे म्हणजे बुयाबेसचा जीव. मूळचा गरिबाचा पदार्थ. विकल्या न जाणाऱ्या काट्याकुट्यांच्या मासळीचा रस्सा, त्यात केशर, बडीशेप, टोमॅटो आणि ऑलिव्ह तेल. आता मात्र नावाजलेल्या ठिकाणी माणशी 60-70 युरो मोजावे लागतात आणि काही ठिकाणी आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. भलत्याच माशांचा रस्सा याच नावाने खपवला जाऊ लागला, तेव्हा 1980 साली इथल्या काही हॉटेलवाल्यांनी कोणते मासे हवेत याची सनदच करून टाकली. आधी रस्सा वेगळा वाढायचा, मग मासे वेगळे, हेही त्यात आलं. मी ते पैसे वाचवले आणि साधं माशांचं सूप घेतलं. सोबत लसूण-मिरचीची 'रुई' नावाची चटणी लावलेले पावाचे तुकडे. माझ्या मते हाच शहाणपणाचा मार्ग. ताई शाकाहारी, तिने टोमॅटोवर भागवलं आणि मला दोष दिला.

समोरच्या बेटावरच्या इफच्या किल्ल्याची बोट त्या दिवशी सुटलीच नाही. मिस्त्राल सुटला होता. ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे घुसणारा हा कोरडा, थंड वारा आकाश घासूनपुसून निळं करतो आणि माणसाला वैताग आणतो. खिडकीवरची बाई म्हणाली, किल्ल्याच्या धक्क्याला बोट लागूच शकत नाही, उद्या बघा. मग उलटे फिरलो आणि शहराच्या इतिहास संग्रहालयात गेलो. ते चक्क एका मॉलच्या पोटात आहे. 1967 साली त्या मॉलसाठी खोदकाम सुरू झालं आणि ग्रीकांचं बंदरच वर आलं. धक्का, तटाची भिंत, बुडालेल्या जहाजांचे सांगाडे.

तिथल्या एका गंजक्या नांगरापुढे आम्ही बराच वेळ थांबलो. तो 'ग्राँ-सेंत-आंत्वान' या जहाजाचा आहे. हे जहाज 25 मे 1720 रोजी सीरियाच्या किनाऱ्यावरून कापड आणि कापूस घेऊन आलं. वाटेत माणसं पटापट मेली होती, इटलीतल्या लिव्होर्नोने त्याला थारा दिला नव्हता. नियमाप्रमाणे ते लांबच्या बेटापाशी अडकवून ठेवायला हवं होतं. पण माल बोकेअरच्या जत्रेसाठी हवा होता आणि त्यात शहराच्या कारभाऱ्यांपैकी एकाचा वाटा होता. माल शहराला लागून असलेल्या विलगीकरण केंद्रात उतरला, तिथून चोरून गावात शिरला. शहरात नव्वद हजारांच्या आसपास माणसं होती, त्यातली जवळजवळ निम्मी प्लेगने गेली. जहाज सप्टेंबरमध्ये जाळलं, पण फार उशिरा. आपल्याकडे प्लेग म्हटलं की 1897चं पुणं आठवतं, रँड आठवतो. ताई म्हणाली, "तिथे सरकार नको तितकं घुसलं, इथे हवं तेव्हा डोळे मिटून बसलं." वर्गात हे वाक्य तिने नक्की फळ्यावर लिहिलं असतं.

दुपारी ल पानिए. जुन्या बंदराच्या उत्तरेकडची चढावरची ही सर्वांत जुनी वस्ती. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरच्या घरातलं वाळत घातलेलं धुणं हाताला लागावं. आज इथे रंगवलेल्या भिंती, साबणाची दुकानं आणि फोटो काढणाऱ्यांची झुंबड आहे. साबण मात्र खरा जुना धंदा आहे. ऑलिव्ह तेलाशिवाय दुसरं तेल घालायचं नाही, असा हुकूम चौदाव्या लुईच्या काळात 1688 साली निघाला होता. आज दुकानात मिळणारा प्रत्येक हिरवा ठोकळा तो हुकूम पाळत नाही, तेव्हा मागचं लेबल वाचावं.

वस्तीच्या मधोमध ला व्हिएय शारिते. सतराव्या शतकात गावातल्या भिकाऱ्यांना आणि निराधारांना कोंडण्यासाठी बांधलेली इमारत. मार्सेयच्याच पिएर प्युजेने तिचा आराखडा केला. तीन मजली कमानींचा गुलाबी दगडी चौक आणि मध्ये लंबगोल घुमटाचं चर्च. गरिबांना रस्त्यावरून उचलून इतक्या सुंदर ठिकाणी डांबायचं, ही कल्पना कुणाच्या डोक्यातून निघाली असेल कोण जाणे. आता आत संग्रहालयं आहेत.

पानिएच्या पायथ्याशी, बंदराच्या काठावर एकसारख्या दगडी इमारतींची रांग लागते आणि गल्ल्या एकदम संपतात. याचं कारण 1943. जर्मनांच्या लेखी ही वस्ती म्हणजे गुन्हेगार, परके आणि बंडखोर यांचा अड्डा. जानेवारीत जर्मन सैन्याने फ्रेंच पोलिसांना हाताशी धरून वीसेक हजार माणसं घराबाहेर काढली, शेकडो ज्यूंना मृत्यूच्या छावणीकडे रवाना केलं आणि फेब्रुवारीत सुरुंग लावून सुमारे दीड हजार इमारती उडवल्या. नगरपालिकेची इमारत, हिऱ्याच्या पैलूंसारख्या दगडांचं एक जुनं घर अशा मोजक्याच वास्तू राहिल्या. युद्धानंतर फेर्नां पुयोंने इथे नव्या इमारती उभारल्या. त्या चांगल्या आहेत, नीटनेटक्या आहेत. पण वरच्या गल्ल्यांमधून खाली आलं की जिथे पाऊल अडतं, ती सुरुंगाची हद्द.

संध्याकाळी म्युसेमच्या गच्चीवर. भूमध्य समुद्राकाठच्या संस्कृतींचं हे संग्रहालय 2013 साली उघडलं. त्या वर्षी मार्सेय युरोपची सांस्कृतिक राजधानी होती. रुदी रिच्योत्तीने काळपट काँक्रीटची जाळी ओतून इमारतीला बुरखा घातला आहे. तिच्यातून येणारं ऊन जमिनीवर जाळं पसरल्यासारखं पडतं. गच्चीवर जायला पैसे नाहीत, आणि तिथून एक लांबलचक पूल खांबांच्या आधाराशिवाय थेट साँ-जाँ किल्ल्यात जातो. आतल्या प्रदर्शनापेक्षा हा पूल आणि ही गच्चीच मला जास्त आवडली.

समोरच्या काठावर साँ-निकोला किल्ला. 1660 साली बंडखोर मार्सेयला वठणीवर आणण्यासाठी चौदावा लुई सैन्यासह आला. दरवाजाने नव्हे, तट फोडून आत शिरला आणि त्याने हा किल्ला बांधायला लावला. त्याच्या काही तोफांची तोंडं गावाकडे होती.

या दोन किल्ल्यांमधल्या तोंडाशी सार्डिन माशाने बंदर अडवलं होतं, अशी एक थाप इथल्या लोकांच्या नावावर सगळ्या फ्रान्समध्ये सांगितली जाते. मार्सेयवाले काहीही फुगवून सांगतात, हे सिद्ध करण्यासाठी. खरी हकिकत अशी की 1780 साली 'सार्तीन' नावाचं जहाज इथे तोंडाशीच बुडालं आणि वाट अडली. हे जहाज पाँडिचेरी पडल्यावर इंग्रजांच्या हाती सापडलेल्या फ्रेंच कैद्यांना घेऊन परतत होतं. हिंदुस्थानातून इथवर आलं, वाटेत इंग्रजांचे गोळे खाल्ले आणि घराच्या उंबऱ्यावर बुडालं.

रविवार

वारा पडला, बोट सुटली. वीस मिनिटांत इफ. पांढऱ्या खडकावर एक चौकोनी दगडी पेटारा, झाड नाही की झुडूप नाही. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा याने 1524 ते 1531 मध्ये हा किल्ला बांधला. लढाई अशी त्याने कधी बघितलीच नाही, कैदी मात्र भरपूर बघितले. प्रॉटेस्टंट, 1848चे बंडवाले, 1871च्या कम्यून उठावातले. ज्याच्याकडे पैसे त्याला वरच्या मजल्यावर खिडकीची आणि शेकोटीची खोली, बाकीच्यांना खाली अंधार. अलेक्सांद्र द्यूमाच्या कादंबरीतल्या 'माँते क्रिस्तो'ची कोठडीही इथे दाखवतात, भिंतीला पाडलेल्या भगदाडासह. जो माणूस जन्मालाच आला नाही त्याचं भगदाड बघायला रांग लागते आणि खरोखर कुजलेल्यांच्या नावांच्या पाट्या कुणी वाचत नाही.

ताईला मात्र इथे गेंडा बघायचा होता. म्हणजे गेंड्याची जागा. पोर्तुगीजांना दीवला किल्ला बांधायचा होता. गुजरातचा सुलतान मुझफ्फरशहा याने परवानगी नाकारली, पण वाईट वाटू नये म्हणून भेटी दिल्या, त्यात एक गेंडा. तो गोव्याला पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्ककडे आला. आता याचं करायचं काय? अल्बुकर्कने तो लिस्बनला राजाकडे धाडला. मे 1515 मध्ये गेंडा लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गच्या ड्यूररने तो न बघताच, दुसऱ्याच्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचं लाकडी ठशाचं प्रसिद्ध चित्र केलं. पोर्तुगालच्या राजाने तो पुढे पोपला भेट म्हणून जहाजावर चढवला. 1516च्या सुरुवातीला ते जहाज मार्सेयसमोरच्या या बेटापाशी थांबलं, तेव्हा फ्रान्सचा राजा खास गेंडा बघायला इथे आला. किल्ला त्यानंतरचा. पुढे इटलीच्या किनाऱ्यापाशी जहाज बुडालं, आणि पोहता येणारा तो बिचारा प्राणी साखळीने बांधलेला असल्यामुळे बुडून मेला.

"म्हणजे इथे आलेला पहिला मोठा सरकारी पाहुणा आपला," ताई म्हणाली.

"गुजरातचा," मी.

"गोव्यावरून आला ना? मग झालं."

त्याच बोटीने पुढे फ्रिउल. दोन बेटं, 1820च्या दशकात बांधाने जोडलेली. संसर्ग झालेल्या जहाजांसाठी इथे विलगीकरण होतं, त्या काळच्या रुग्णालयाचे अवशेष अजून उभे आहेत. आता लोक पोहायला येतात. पाणी काचेसारखं स्वच्छ आणि बर्फासारखं गार. मी गुडघ्यापर्यंत गेले आणि परत आले.

सोमवार

सकाळी ला जोलिएत. जुनं बंदर अपुरं पडू लागलं म्हणून 1844 पासून इथे नवी गोदी बांधली गेली. सुएझचा कालवा झाला आणि मार्सेय हे पूर्वेकडचं दार बनलं. मुंबईची टपाल आणि घाईतली माणसं इथे उतरायची, आगगाडीने कॅलेला जायची. जिब्राल्टरचा वळसा वाचायचा. बोटीचे दिवस मोजणाऱ्या आपल्या पणजोबांच्या पिढीतल्या बऱ्याच जणांनी युरोपच्या जमिनीवर पहिलं पाऊल ठेवलं ते इथेच. गोलमेज परिषदेला निघालेले गांधीजी 11 सप्टेंबर 1931 रोजी 'राजपुताना' बोटीने इथे आले. जकात अधिकाऱ्याला त्यांनी आपलं सामान सांगितलं ते असं: सहा चरखे, तुरुंगातली भांडी, बकरीच्या दुधाचा डबा, हातमागाचे पंचे.

आणि 8 जुलै 1910. 'मोरिया' बोट आदल्या संध्याकाळी बंदरात आली होती. लंडनहून मुंबईला खटल्यासाठी नेले जात असलेले सावरकर सकाळी शौचकूपाच्या खिडकीतून समुद्रात उतरले आणि पोहत धक्क्याला लागले. फ्रेंच शिपायाने त्यांना पकडलं आणि पाठलागावर आलेल्या बोटीवरच्या माणसांबरोबर परत बोटीवर पोचवलं. इथपर्यंत आपल्याला शाळेत शिकवतात, पोहण्याचं अंतर प्रत्येक गुरुजींच्या मगदुराप्रमाणे वाढवून. पुढचा भाग मला जास्त नवलाचा वाटतो. फ्रान्सने माणूस परत मागितला, प्रकरण हेगच्या लवादापुढे गेलं. 24 फेब्रुवारी 1911च्या निकालात लवादाने म्हटलं की पकडून सोपवण्याची रीत नियमाला धरून नव्हती, पण म्हणून इंग्लंडवर कैदी परत करण्याचं बंधन येत नाही. तोवर मुंबईत दोन्ही जन्मठेपा सुनावून झाल्या होत्या. परक्या भूमीवरचा आश्रय या विषयावर कायद्याचे विद्यार्थी अजून हा निकाल वाचतात. ज्या शिपायाला समोरचा माणूस कोण हेही माहीत नव्हतं, त्याच्या दहा मिनिटांच्या ड्यूटीवर दोन साम्राज्यांचे वकील भांडत बसले.

बंदराला आता कुंपण आहे, किलोमीटरच्या किलोमीटर. आत जाता येत नाही. ताई जाळीला धरून उभी राहिली. आत अल्जीरियाच्या फेरीसाठी गाड्यांची रांग होती. प्रत्येक गाडीच्या टपावर दोरखंडाने करकचून बांधलेलं सामान: गाद्या, सायकली, एक धुलाई यंत्र, निळ्या ताडपत्रीत गुंडाळलेलं कायबाय. एक म्हातारा टपावर चढून गाठी तपासत होता आणि खालून त्याची मुलगी त्याला रागावत होती. मागे गोदामांची जुनी इमारत, 365 मीटर लांब, 1860च्या आसपासची. आत आता दुकानं आणि कॉफी. तिच्याही मागे झाहा हदीदने बांधलेला काचेचा मनोरा, एका मोठ्या जहाज कंपनीचं मुख्यालय. बंदर अजून धंद्याचंच आहे, फक्त मालक बदलले.

दुपारी नोआय. कानेबिएर या हमरस्त्याच्या बाजूला हा बाजार. पुदिन्याचे ढीग, खारवलेली लिंबं, हरिसा या तिखट चटणीचे डबे, रताळी, कसावा, डाळी. ताईने इथे पहिल्यांदा तृप्त श्वास घेतला आणि पाव किलो मसूर घेतले, कशासाठी ते विचारायचं नाही. याच बाजाराच्या अंगाला रू दोबाञ. 5 नोव्हेंबर 2018 रोजी तिथल्या दोन जुन्या इमारती कोसळून आठ माणसं मेली. धोका आहे म्हणून लोक आधीपासून सांगत होते. नंतर शहरभर हजारो लोकांना मोडकळीला आलेल्या घरांतून बाहेर काढावं लागलं. आता त्या कोपऱ्यावरच्या चौकाला त्या तारखेचंच नाव आहे. डोंगरी आणि भेंडीबाजार पाहिलेल्याला यात समजावून सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी बसने नोत्र-दाम द ला गार्द. चढून जाणारे जातात, आमचे गुडघे नाही म्हणाले. 1864चं चर्च, पट्ट्यापट्ट्यांचं, वर 11 मीटरहून उंच सोन्याचा मुलामा दिलेला मेरीचा पुतळा. गावकरी तिला नुसतं 'बोन मेर', म्हणजे चांगली आई म्हणतात आणि फुटबॉलपासून परीक्षेपर्यंत सगळं तिच्यावर टाकतात. आत छताला टांगलेली छोटी छोटी जहाजं, वादळातून वाचलेल्यांनी वाहिलेली. भिंतींवर संगमरवरी पाट्या: 'कृपा झाली', तारीख, बस. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट 1944च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा. वरून शहर दिसतं तसं दुसरीकडून कुठूनच दिसत नाही: तिन्ही बाजूंनी पांढऱ्या डोंगरांनी कोंडलेलं, मोकळी बाजू फक्त समुद्राची. फ्रान्सकडे जायचं तर डोंगर ओलांडायचा, अल्जीरियाला जायचं तर नुसती बोट सोडायची. या गावाचा स्वभाव नकाशातच लिहिलेला आहे.

मंगळवार

मेट्रोने राँ-प्वँ द्यू प्रादो, तिथून बुलव्हार मिशलेवर चालत. वाटेत फुटबॉलचं स्टेडियम, 67 हजारांहून जास्त आसनांचं. 1993 साली युरोपचा चषक जिंकणारा इथला संघ हा पहिला फ्रेंच संघ, त्यामुळे 'कायमचे पहिले' असं भिंतीभिंतीवर. मॅच नव्हती, तरी अंगात निळापांढरा शर्ट घातलेला प्रत्येक तिसरा माणूस होता.

पुढे वास्तुविशारद ल कोर्ब्युझिएची इमारत, सिते रादियूझ. 1952 साली पुरी झाली: 137 मीटर लांब, 56 मीटर उंच, 337 घरं, सगळं जाड खांबांवर उचललेलं. गावाने तिला नाव दिलं 'खुळ्याचं घर'. 2016 साली ती जागतिक वारशात गेली, त्याच यादीत त्याच दिवशी त्याचाच चंदीगडचा कॅपिटॉल परिसरही. घरं दुमजली आणि एकमेकांत अडकवलेली, म्हणून आतला रस्ता दर तिसऱ्या मजल्यावर. बहुतेक घरांना एकीकडे डोंगर, दुसरीकडे समुद्र. मधल्या मजल्यावर दुकानं आणि हॉटेल, गच्चीवर बालवाडी आणि लहान मुलांचा हौद. एक बाई पिशवीत भाजी घेऊन अंधाऱ्या आतल्या रस्त्याने चालली होती, प्रत्येक दाराचा रंग वेगळा. वास्तुविशारदांना ही इमारत पूजनीय. मला खालून ती राकट वाटली, वर गेल्यावर मत बदललं. ताईचं नाही बदललं. तिचा प्रश्न: "पाणी किती वाजता येतं, आणि मेंटेनन्स किती?"

तिथून बसने माझार्गचं युद्धस्मशान. सप्टेंबर 1914च्या अखेरीस हिंदी सैन्य मार्सेयला उतरलं. लोकांनी रस्त्याच्या दुतर्फा उभं राहून फुलं उधळली. बोरेली बागेत तंबू पडले. लाहोर डिव्हिजनबरोबर आपल्या खडकीच्या सॅपर्सच्या 20 आणि 21 नंबरच्या कंपन्या होत्या. महिन्याभरात, 28 ऑक्टोबरला, उत्तर फ्रान्समधल्या नव-शापेलच्या खंदकांत त्यांची दाणादाण उडाली. माझार्गला आहेत ते बहुतेक इथल्या तळावरच्या इस्पितळांत गेलेले किंवा मजूर पलटणीतले. हिंदू शिळांवर देवनागरीत 'ओम् भगवते नमः', मुसलमान शिळांवर अरबी ओळ. ज्यांचं दहन झालं त्यांची नावं स्मारकावर. इतक्या दूर देवनागरी अक्षरं ऊन खात उभी. 2025च्या फेब्रुवारीत मार्सेयला भारताचा वाणिज्य दूतावास उघडला, तेव्हा पंतप्रधान इथे येऊन गेले होते. आम्ही गेलो तेव्हा फक्त माळी होता, त्याने स्वतःहून नोंदवही आणून दिली.

बुधवार

शेवटी लेस्ताक, ला जोलिएतहून 35 नंबरच्या बसने. शहराच्या उत्तर टोकाला हे कोळ्यांचं आणि कामगारांचं गाव. सेझान इथे येऊन चित्रं काढायचा, ब्राकने 1908 साली इथली घरं ठोकळ्यांसारखी रंगवली आणि त्यावरून 'क्युबिझम' हे नाव पडलं. चित्रकारांच्या माहितीच्या पाट्या जागोजागी आहेत. पण एकोणिसाव्या शतकात लेस्ताक आणि शेजारचं साँ-आन्री जगाला माहीत होतं ते कौलांसाठी. लाल माती, कोळसा आणि दाराशी बंदर. खाचा एकमेकींत बसणारी ही कौलं ऑस्ट्रेलियापर्यंत गेली, तिथे आजही त्यांना मार्सेय कौलंच म्हणतात. तीच जात बासेल मिशनवाल्यांनी 1865 साली मंगळूरला पाडायला घेतली आणि पुढे कोकणातल्या घरांवर मंगळुरी म्हणून चढली. एका पडक्या भिंतीपाशी कौलाचा तुकडा होता, त्यावर उठावाची मधमाशी, कारखान्याची खूण. ताईने तो उलटा करून पाठीमागच्या खाचेत बोट फिरवलं. "आजोळच्या पडवीचं," एवढंच म्हणाली आणि तुकडा होता तिथे ठेवला.

धक्क्यावर टपऱ्या आहेत. इथे पानिस मिळते: चण्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करायचं, गुंडाळी थापून निवू द्यायची, चकत्या कापून तळायच्या. थोडक्यात, तळलेली पाटवडी. कागदाच्या पुड्यात, वर मीठ आणि मिरपूड. इतक्या दिवसांनी ताईसमोर तिच्या पोटाशी बोलणारा पदार्थ आला. तिने एक चकती चावली, डोळे मिटले आणि म्हणाली, "यात हिंग नाही, ओवा नाही, मिरची तर नाहीच."

टपरीवाल्याला शब्द कळले नाहीत, चेहरा कळला. त्याने शेजारच्या कबाबवाल्याला हाक मारली, तिकडून हरिसाची बाटली आली. तांबडा थर लावून ताईने दुसरी चकती खाल्ली, मग तिसरी. ट्युनिशियाची चटणी, लेस्ताकची पाटवडी. दुसरा पुडा तिने मागवला, पैसे माझ्याकडून घेतले.